सरांचं इंग्रजी पत्र

पीटीच्या सरांना वेळ विचारली की ते आधी गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे बघत. "प्रार्थना चार मिनिटं अकरा सेकंद. कालच्याहून स्लो."

तुमच्याही शाळेत असे एक सर असतील. आमचे कामठीहून येत. तरुणपणी कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, आठशे मीटर, सगळं विद्यापीठाकडून खेळलेले. आमच्या इंग्रजी शाळेने या अनुभवाचा पुरेपूर उपयोग केला: खुर्च्या मांडणे, रांगा सरळ करणे आणि खेळाचा तास गणिताच्या मॅडमना देणे.

क्रीडादिनाची तयारी महिनाभर चाले, ती संचलनाची. मी नववीत असताना सरांनी कसाबसा मुलींचा खो-खोचा सामना कार्यक्रमात घुसवला. मलाही संघात घेतलं. "हे पोरगी बोलत नाही, म्हणून हिचा दम वाचते," असं कारण दिलं.

पाहुणे दोन तास उशिरा आले आणि खेळाच्या महत्त्वावर इतकं बोलले की खेळायला वेळच उरला नाही. मुख्याध्यापिकांनी चिठ्ठ्या टाकून विजेता ठरवला. आम्ही जिंकलो. पाहुण्यांनी मेडलं घातली, फोटो झाला. तेवढ्यात सर मंचावर चढले. आमच्या गळ्यातली मेडलं एकेक करून काढली आणि पाहुण्यांपुढच्या टेबलावर ठेवली.

"पोरी खेळल्याच नाही. मेडल कायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. उत्तर इंग्रजीतच द्यायचं आणि पटलं नाही तर नोकरी जाणार. सरांचं इंग्रजी कच्चं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. माझी चूक नाही, पुन्हा असं झालं तर पुन्हा काढीन, असं त्यांचं म्हणणं. मला भीती वाटली. शाळेत शिकवतात तशी मी सुरुवात माफीने केली आणि शेवटी, पुन्हा असं होणार नाही, अशी हमी दिली. मधे फारसं काही उरलं नाही. सरांनी न वाचता सही केली.

नोकरी वाचली. सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकांनी ते पत्र शिस्तीचा नमुना म्हणून मोठ्याने वाचलं. सर ताठ उभे होते. मग माझ्या रांगेजवळ आले.

"मी माफी मांगली काय वं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"स्पेलिंग तं बरोबर होते ना?"

"हो सर."

"मंग रडून काहून राहिली?"

मंगळवारी ते आले नाहीत. त्यांचा राजीनामा आला, मराठीत, स्वतःच्या अक्षरात, दोन ओळींचा: पोरींचं काही चुकलं नाही. मी नोकरी सोडत आहे. फाइलला इंग्रजी लागतं आणि आधीच्या पत्रातलं अक्षर माझं होतं, म्हणून मुख्याध्यापिकांनी तो भाषांतराला माझ्याकडेच दिला. माझा कागद वाचून त्या म्हणाल्या, यात सॉरी राहिलं वाटतं.

"नाही मॅडम. त्यांनी लिहिलेलं नाही."

एवढं बोलले. पहिल्या पत्रातलं सॉरीही त्यांचं नव्हतं, हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही.