नारिंगी औषधाची जीप

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही हो! जीपच्या सीटखाली धूळ साचते ना, तसे ते साचत जातात. रोज झटकतो असं आपण म्हणतो, आणि एक दिवस सीट उचलावी तर खाली हा ढीग!

मी नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते, डोळ्यांच्या विभागात. सत्तरच्या दशकात आमच्याकडे एक नवं काम आलं. खेड्यापाड्यातल्या लहान लेकरांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजायचा. म्हणजे रातांधळेपणा येत नाही, डोळे जात नाहीत. नारिंगी रंगाचं, गोड, चिकट औषध. वर्षातून दोनदा, लहानसा चमचा. ऐकायला किती सोपं वाटतं!

जीपमध्ये आम्ही तिघं. डॉक्टर मॅडम, मी आणि ड्रायव्हर शेंडे. मॅडम पुण्याकडच्या, कडक. शेंडे अस्सल नागपूरचा, तोंडाचा पट्टा सतत चालू. आता लोक विचारतात, "सिस्टर, तेव्हा मजा येत असेल ना?" यायची की! पण मजेपेक्षा भीती जास्त. लोक आम्हाला भ्यायचे, आणि आम्ही त्यांच्या भीतीला!

*

ही आणीबाणीतली गोष्ट. कोराडीच्या पलीकडचं एक लहानसं गाव. त्या काळात सरकारी जीप दिसली की लोकांच्या डोक्यात एकच यायचं, नसबंदीवाले आले!

आम्ही पोचलो तर गावात चिटपाखरू नाही. एका घरात चुलीवर भाजी रटरटते आहे, ताटात अर्धी भाकर पडली आहे, आणि माणूस म्हणून नाही. शेंडे जीपमधून उतरेचना. "मॅडम, वापस चला. हे गाव काही बरोबर नाही दिसून राहिलं मले."

तेवढ्यात आतून खरवडल्यासारखा आवाज आला. ओसरीत धान्याची रिकामी कणगी होती. वर झाकण, झाकणावर दगडी पाटा. आणि आवाज कणगीच्या आतून!

मी आणि शेंडेनं पाटा उतरवला. आत दोन लेकरं. थोरली पोरगी नखांनी झाकण ओरबाडत होती, आणि धाकटा तिच्या पायाशी मान टाकून पडला होता. ओठ निळे.

मॅडमनी त्याला अंगणात आणून उताणं टाकलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला लागल्या. नेमकी त्याच वेळी त्याची आई पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या शेतातून धावत आली, "मारलं वं माझ्या लेकराले!" तिच्यामागं अख्खं गाव. कोणाच्या हातात विळा, कोणाच्या हातात काठी. मी त्या पोरीला छातीशी धरून उभी होते.

अन् धाकट्यानं टाहो फोडला! एवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

आई मटकन खाली बसली. "तुमी पोट्ट्याची नस कापाले आल्या ना?"

"अगं बाई, नस नाही कापत! गोड औषध पाजायला आलोय, चमचाभर!" धाकट्याची पाठ चोळत मॅडम म्हणाल्या.

ती बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "मंग तसं गावाबाहेरूनच वरडाचं ना वं! पाटा काहून ठेवला असता मी?"

*

त्या दिवसानंतर शेंडेनं मनाशी काही ठरवलं. पुढच्या गावात लोक जमले, पण चमच्याकडे असे बघत होते जणू त्यात विषच आहे. शेंडे पुढं झाला, चमचा माझ्या हातून घेतला आणि सगळ्यांसमोर औषध पिऊन मोकळा! "हे पाहा, मेलो का मी? मले चार पोट्टे आहेत, पाचवं येऊन राहिलं. आता बोला!"

लोक हसले. लेकरांची रांग लागली.

मॅडम त्याला रागावल्या. "शेंडे, हे औषध आहे, सरबत नव्हे. परत असं करायचं नाही." तो "हो मॅडम" म्हणाला. पण मॅडम सरपंचाकडे बसलेल्या असल्या की ह्याचा कार्यक्रम सुरू! गाव तिथं चमचा. मला वाटायचं, चला, रांग तर लागते आहे.

काही आठवड्यांनी त्याचं डोकं दुखायला लागलं. तळहाताची सालं निघू लागली, ओठ फाटले. "ऊन लागलं असन," म्हणाला. एके दुपारी कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यानं आम्ही परत येत होतो. जीप हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. समोरून ट्रक येतोय, आणि आमची जीप सरळ त्याच्या अंगावर!

"शेंडे!" मॅडम किंचाळल्या. "रस्ता सोडून कुठं चाललास?"

"मॅडम, रस्ते दोन आहेत," शेंडे रडकुंडीला आला होता. "कोणता घेऊ?"

"आणि तो ट्रक?"

"ते बी दोन आहेत!"

मी मागच्या सीटवरून झेप घेऊन स्टिअरिंग ओढलं. ट्रक आमच्या आरशाला घासून गेला. शेंडेला आमच्याच दवाखान्यात भरती केलं. औषध अंगात जास्त झालं की असं होतं, हे मॅडमनी त्याला समजावून सांगितलं. पुढं तो पूर्ण बरा झाला. पण नंतर चहात साखर घालायच्या आधीसुद्धा विचारायचा, "मॅडम, किती चालते?"

*

लकडगंजला एका आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, नवराबायको ओंडके उचलायचे. त्यांच्या लेकराला गोवर निघाला. घरात माता आली, म्हणजे देवीचा कोप, म्हणून तेल बंद, डाळ बंद, दूध बंद. अंधाऱ्या खोलीत नुसत्या पेजेवर ठेवलेलं. गोवर गेला, पण लेकरू डोळे उघडेना. मग आई त्याला पदराखाली झाकून ओपीडीत घेऊन आली.

मॅडमनी टेबलावर निजवलं. "सिस्टर, डोकं घट्ट धरा. जरासुद्धा हलता कामा नये." बुबुळ मऊ पडलं असेल तर पापणीवर नुसता दाब पडला तरी ते फुटतं. मी डोकं धरलं. कोपर टेबलाला टेकवून ठेवले होते. मॅडमनी बोटाच्या टोकानं डावी पापणी उचलली. पाहिलं. खाली सोडली. मग उजवी उचलली. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

बाहेर आरामशीनवाला नवरा भिंतीला डोकं लावून उभा होता. त्याला आत यायची हिंमत नव्हती.

"एक वाचेल," मॅडम म्हणाल्या.

आई रडली नाही, ओरडली नाही. तिनं एकच विचारलं, "कोणता?"

"उजवा."

लेकरू तिच्या डाव्या खांद्यावर असायचं. तिनं त्याला उचललं, क्षणभर विचार केला, आणि उजवा डोळा आपल्या तोंडाकडे येईल अशा बेतानं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

*

आमच्या ऑफिसचे बडे बाबू. चष्म्याचा नंबर सारखा वाढतो म्हणून त्यांनी मॅडमच्या मागं लागून ताकदीच्या गोळ्या मागितल्या. मॅडमनी कटकट नको म्हणून बी-कॉम्प्लेक्स दिल्या. दुसऱ्या दिवशी बाबू ऑफिसात आलेच नाहीत! तिसऱ्या दिवशी आले ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून, चेहरा पांढराफटक. "मॅडम, लघवी हळदीसारखी पिवळी होऊन राहिली. कावीळच ही! साळ्याला बोलावलं, वकिलाला बोलावलं, सगळं बायकोच्या नावावर करून टाकलं."

"बाबू, त्या गोळीचा रंग आहे तो! त्यात घाबरण्यासारखं काहीही नाही."

बाबूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं आणि मॅडमच्या कानाशी येऊन विचारलं, "मंग ते कागद वापस होतात का?"

*

एकदा खापरखेड्याहून परतताना जीप बंद पडली. शेंडे दुरुस्तीसाठी तिथंच थांबला. दिवस मावळत आला होता, म्हणून त्यानं आम्हा दोघींना एका कोळशाच्या ट्रकमध्ये बसवून दिलं. "माणूस ओळखीचा आहे मॅडम, बिनधास्त जा!"

ट्रकवाला सज्जन होता. सीटवर टॉवेल अंथरला, रेडिओ बंद केला. अंधारायला लागलं तसा तो स्टिअरिंगवर वाकून बसला. नाक काचेला लागेल एवढा! पुढं एक ट्रक होता, त्याच्या मागच्या लाल दिव्यावर ह्याची नजर. तो वळला की हा वळायचा, तो थांबला की हा करकचून ब्रेक मारायचा. रस्त्यात एक सायकलवाला आला. मी ओरडले, तेव्हा कुठं ह्यानं गाडी बाजूला घेतली.

मॅडमनी माझा हात घट्ट धरला. मग अगदी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "भाऊ, संध्याकाळनंतर दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही ना मॅडम." तो खुशीत म्हणाला, जणू कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं. "सालभर झालं. खाण्यापिण्याचा काही ठिकाणा नाही, दारूचा आहे. पण काही टेन्शन नाही! समोरचा लाल दिवा पाहाचा अन् मागं मागं जाचं."

"आणि तो खड्ड्यात गेला तर?"

"नाही जात. माझा मोठा भाऊ आहे थो."

आम्ही दोघींनी श्वास सोडला.

"फक्त त्याले," तो पुढं म्हणाला, "माझ्याहून बी कमी दिसते."

*

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत एक सासू होती. आम्ही गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायचो. ह्या सासूबाई सुनेच्या गोळ्या घ्यायच्या आणि मोरीत टाकायच्या. का? तर काळ्या गोळ्यांनी पोर काळं होतं! सून आधीच कागदासारखी पांढरी. जिना चढताना कठड्याला धरून बसायची. मी सांगितलं, मॅडमनी सांगितलं, शेंडेनं खालून ओरडून सांगितलं. सासूबाईंचं एकच, "आमच्या घराण्यात काळं कोणी नाही!"

सुनेचे दिवस भरले. बाळ झालं आणि रक्त थांबेना. मी तेव्हा कामासाठी प्रसूतीच्या वॉर्डात आले होते, म्हणून पाहिलं. चादर बदलली की परत लाल, बदलली की परत लाल. सुनेचे डोळे वर जायला लागले. डॉक्टर ओरडत होते, रक्त आणा! नवरा कोपऱ्यात उभा. "मी देल्लं तं मले कमजोरी येईन," म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या मुस्काटात दिली. वॉर्डाच्या मधोमध! आणि स्वतः बाही वर करून पुढं आल्या. गट जुळला.

पहाटेपर्यंत सुनेच्या ओठांवर रंग आला. मी बाळ घेऊन बाहेर गेले. बाळ छान सावळं होतं. मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

सासूबाईंनी बाळाकडे पाहिलंच नाही. माझा पदर धरून म्हणाल्या, "पोट्टं काळं होऊ दे का निळं होऊ दे, बाई! सून लाल पाह्यजे मले. त्या गोळ्या अजून असन तं द्या!"

*

आणि हा एक. हा सांगताना शेंडेसुद्धा मध्ये बोलायचा नाही.

एका वस्तीत एक बाई होती. तिची थोरली पोर कमल. आमची जीप त्या भागात जायच्या कितीतरी आधी गोवरात कमलचे दोन्ही डोळे गेले होते. आता धाकटा, तुळशीराम, दिवस कलला की ठेचकाळायला लागला होता. पुढ्यात वाढलेली भाकर चाचपडायचा. संध्याकाळ झाली की तो कमलचं बोट धरायचा आणि कमल त्याला घरभर न्यायची, आणायची. तिला अंधार काय, उजेड काय!

मॅडमनी त्याला डोस दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. बाईनं एकदा उंबऱ्यावर बसलेल्या कमलकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे पाहिलं, एवढंच.

काही दिवसांनी आम्ही मुद्दाम दिवेलागणीला गेलो. बाईनं चूल पेटवली नव्हती. शेजारपाजारचे कुडाशी उभे. कमल उंबऱ्यावर बसली होती, तुळशीराम तिला चिकटून उभा. अंधूक झालं होतं. मॅडमनी पिशवीतून एक संत्रं काढून अंगणाच्या मधोमध ठेवलं.

"तुळशीराम, ते काय पडलंय बघ. घे बरं, तुलाच आहे."

तो हलला नाही.

"बाळा, अंगणात बघ. काय आहे?"

काही नाही. आम्ही सगळे त्या संत्र्याकडे बघत होतो. ते जागच्या जागी. उजेड आणखी कमी झाला. बाईनं पदराचा बोळा तोंडात धरला, आणि त्याच्या आतून आवाज आला, "याचे बी गेले." शेंडेनं पाठ फिरवली. 

आणि कमल हसली.

"काहून हासून राहिली वं?" आई किंचाळली.

"दिसते त्याले. एवढ्या लोकायले लाजून राहिला थो," कमल म्हणाली.

"तुले काय माईत?"

कमलनं हात पुढं केला. "कवाचंच बोट सोडलं त्यानं माझं."