पटवेगार भाभींचा बेडूक

कोल्हापूरच्या गुजरीत दागिना घेतलेली बाई सोनाराचं नाव अभिमानानं सांगते. तो दागिना गळ्यात नीट बसला कुणामुळे, हे मात्र कुणी सांगत नाही. सोनार मणी घडवतो. ते दोऱ्यात ओवायचे, गाठ दिसणार नाही अशी मारायची, मागे रेशमी गोंडा सोडायचा, हे काम पटवेगाराचं. शमशाद पटवेगार लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून हेच करताहेत. घराची पुढची खोली तेच दुकान. खाली गादी, भिंतीवर रंगीत दोऱ्यांच्या लडी, आणि पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणलेला दोरा.

भाभींचे हात जितके चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं, आणि तोंडातून निघतात ते नुसते प्रश्न. मंगळसूत्र वाढवायला आलेल्या बाईला त्या माहेर कुठलं इथून सुरू करतात आणि नळाला पाणी किती वेळ येतं इथपर्यंत पोचतात. बरं, चुगलीचा स्वभाव म्हणावा तर तोही नाही. ऐकलेलं त्यांच्याकडून कधी दुसऱ्या दारात गेलेलं नाही. त्यांना फक्त जाणून घ्यायचं असतं. गल्लीनं त्यांचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलंय. सून नसरीन म्हणते, "अम्मी, स्टँडवरची खिडकी निदान जेवायला तरी बंद होते."

अशा दारात एक दिवस गणपतराव आले. कळंब्याचे, म्हशी राखून असलेले, सकाळचं दूध गिऱ्हाइकांना घालून मोकळे झालेले. माणूस इतका मितभाषी की म्हशीसुद्धा कंटाळत असतील. त्यांनी खिशातून काहीतरी काढून गादीवर ठेवलं. नसरीन किंचाळली. हिरवा, पोट पिवळं, डोळे वटारलेला बेडूक!

"या पावणं," भाभी जराही न दचकता म्हणाल्या. "ह्येला काय झालंय?"

"शेपटी तुटलीया. गोंडा लावून पायजे."

"बेडकाला शेपटी कवापासून आली?"

बेडूक रबरी होता, आतून पोकळ. पाठीला चिकटून मासे धरायचे दोन मोठे गळ होते. दाबला की रबर आत जायचं आणि गळांची टोकं वर यायची. बुडाला रबरी झिरमिळ्यांचे दोन झुपके असतात, त्यातला एक मुळापासून गेलेला.

"कुणी तोडला?"

"मरळीनं."

"मरळ म्हंजे मासा न्हवं? पण ह्येला ना वास, ना चव. का खाल्लं त्यानं?"

"खातंय," गणपतराव म्हणाले, आणि उठले.

त्या एका शब्दानं भाभींच्या डोक्याला जो भुंगा लागला तो लागलाच. पहिला गोंडा त्यांनी सवयीनं रेशमाचा केला, ठुशीला करतात तसा देखणा. नसरीनच्या अंघोळीच्या बादलीत बेडूक सोडून बघितला. रेशमानं पाणी ओढलं आणि बेडूक बुडानं खाली बसला. मग मोती ओवायचा नायलॉनचा दोरा घेतला, त्याचे पदर न पदर सोडवले, आणि थोडा काळा, थोडा पिवळा असा झुपका बांधला. आता बेडूक तरंगला. ओढला की झुपका मिटायचा, थांबवला की फुलायचा. भाभी बादलीपाशी इतका वेळ बसल्या की नसरीनला शेवटी अंघोळीला शेजारी जावं लागलं.

त्या बेडकानं कमाल केली. गणपतराव पुढच्या आठवड्यात आले ते आणखी दोन बेडूक घेऊनच. त्यानंतर त्यांचं येणंच सुरू झालं. एकदा त्यांनी मासेमारीची आपली पेटी उघडून दाखवली. पुढं पत्र्याची जीभ लावलेले लाकडी मासे, पाणी उडवणारे, तोंड पसरलेले खोटे मासे, आणि दांडी मोडलेल्या चमच्यासारखी चकचकीत पत्र्याची पानं.

"ह्येला काय म्हंत्यात?"

"चमचा."

"मासा चमचा खातोय?"

"खातोय."

"पण का ओ?"

गणपतरावांनी पेटी बंद केली.

मग तो रविवार आला. गणपतराव आपल्या एम-एटी गाडीला मासे धरायचा रॉड बांधून, पेटी लावून, दुरुस्त झालेला बेडूक न्यायला आले. बेडूक घेतला, गाडीला किक मारली, आणि भाभींच्या तोंडून सहज निघून गेलं, "कुठं निघालाय, गणपतराव?"

गणपतरावांनी गाडी बंद केली. रॉड सोडला. पायरीवर बसून एक मोठा सुस्कारा टाकला. "झालं. टोकलासा."

मासेमारीला निघालेल्या माणसाला कुठं निघालास असं विचारायचं नसतं. विचारलं की दिवस गेला, गळाला मासा लागत नाही. ही समजूत खरी की खोटी ते मासे जाणोत. गणपतरावांनी मात्र गाडी फिरवली आणि ते सरळ घरी गेले. भाभींना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते गिऱ्हाईक 'भाभी आजारी हायत काय?' म्हणून नसरीनला विचारून गेलं.

पण वाईट वाटलं म्हणून भुंगा काही थांबला नाही. बेडूक दर आठवड्याला परत येत होते. कुणाचा गोंडा अर्धा, कुणाच्या पाठीवर बारीक दातांची रांग. भाभी त्या खुणांवरून बोट फिरवत बसायच्या. आपल्या हातचा गोंडा पाण्यात जातो, कुणीतरी येऊन त्यावर तुटून पडतं, आणि आपण मात्र इथं गुजरीत बसून त्याच्या चिंध्या बघतो! हयातभर दुसऱ्यांच्या गळ्यातले दागिने ओवले, कुठल्या लग्नात ते कसे मिरवले हे बघितलं नाही, त्याचं काही वाटलं नाही. हे मात्र त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. एकदाच, पण बघायचंच होतं.

"मला एकदा न्या खणीवर," त्या म्हणाल्या.

"न्हाय."

"मग बघितल्याबिगर पुढचा गोंडा न्हाय."

गणपतराव दारात उभे राहिले. कळंब्याच्या पलीकडं दगड काढून सोडून दिलेली एक खण होती, पाण्यानं भरलेली, अर्धी केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं झाकलेली. तिथं एक मरळ होती. तिनं त्यांचा दोरा तीनदा तोडला होता. चौथ्यांदा ती या गोंड्यालाच फसणार, अशी त्यांची खात्री होती. मग ते म्हणाले, "एका बोलीवर. खणीवर पाय ठेवल्यापास्नं माघारी फिरूस्तोवर एक प्रश्न विचारायचा न्हाय. विचारला की पुन्यांदा तिकडं यायचं न्हाय."

"कबूल," भाभी म्हणाल्या. नसरीन हसून हसून लोळायची बाकी राहिली.

श्रावणातली उघडीप होती. नसरीननं स्कूटीवरून भाभींना खणीवर आणलं. गणपतराव आधीच कडेला उभे होते. पाणी काळंशार, अर्ध्यावर केंदाळ, त्याची जांभळी फुलं, कुठंकुठं मोकळ्या पाण्याचे तुकडे. भाभी एका दगडावर बसल्या आणि ओठ घट्ट मिटले. केंदाळ कुणी लावलं? फुलाला वास असतो का? पाणी किती खोल? ते पाखरू कुठलं? शेवटी त्यांनी नसरीनला कोपरानं ढोसलं.

"काका," नसरीन म्हणाली, "पाणी किती खोल हाय ओ?"

"भाड्याच्या तोंडानं पण चालायचं न्हाय," गणपतराव मागं न बघता म्हणाले.

त्यांनी रॉड मागं नेला आणि फेकला. बेडूक लांब जाऊन केंदाळावर पडला. टप. टप. थांबला. पानांवरून सरकत मोकळ्या पाण्यात उतरला, थांबला, आणि त्याच्यामागं गोंडा हळूच फुलला. बादलीत बघितलेलाच गोंडा, पण इथं तो जिवंत वाटत होता. हे आपण केलंय, असं ओरडून सांगावंसं भाभींना वाटलं, आणि ओरडायला बोलीत बंदी नव्हती, तरी त्या गप्प राहिल्या.

किती तरी वेळ काहीच झालं नाही. गणपतरावांची नजर बेडकावर, नसरीनची मोबाइलवर. भाभींची मात्र सगळीकडं. म्हणूनच केंदाळाच्या कडेचा तो लाल ठिपका फक्त त्यांना दिसला. परातीएवढा असेल. पाण्याच्या वरच्या थरात लालसर काहीतरी वळवळत होतं, खाली जात होतं, पुन्हा वर येऊन तोंडं उघडत होतं, आधणातल्या तांदळासारखं. हे काय? कुणाचं? का वर येतंय? प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आले. भाभींनी पदर तोंडात धरला.

बेडूक नेमका तिकडंच निघाला होता. टप. टप. लाल ठिपक्यावरून सरकला.

केंदाळ फाटलं. पाण्यात धोंडा पडावा तसा आवाज झाला, बेडूक दिसेनासा झाला आणि रॉड अर्धा वाकला. गणपतरावांनी पाय रोवले. रीळ किरकिरलं, मासा केंदाळात घुसला, केंदाळासकट ओढला गेला, आणि मोठ्या झटापटीनंतर गवतावर येऊन आपटला. हाताएवढी लांब, काळी पाठ, सापासारखं डोकं. जबड्यात भाभींचा गोंडा.

"हीच ती," गणपतराव म्हणाले. "हीच ती, भाभी! तीन वर्सं!" इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद होता, आणि भाभींनाही आनंद झाला, खरंच झाला. बघायचं ते बघितलं होतं.

पण त्यांची नजर पुन्हा पाण्याकडं गेली. लाल ठिपका विस्कटला होता. खालून चिलापी मासे वर येत होते, आणि पाण्यावर चट, चट, चट असा आवाज सुरू झाला होता. प्रत्येक आवाजासरशी लाल रंग थोडा थोडा कमी होत होता.

भाभींना बोली आठवत होती. आता विचारलं तर ही खण संपली, हे पाणी संपलं, पुन्हा कधी गोंडा फुललेला दिसायचा नाही. गणपतराव पोत्याची घडी उलगडत होते.

"गणपतराव," त्या म्हणाल्या, "ती लाल पिल्लं कुणाची ओ?"

गणपतरावांचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं, भाभींच्या बोटाच्या रोखानं पाण्याकडं बघितलं, आणि चेहऱ्यावरचा आनंद पुसला गेला. मरळ पिल्लांवर राखण बसलेली असली की पुढं येईल त्यावर धावते, हे त्यांना ठाऊक होतं. अशी मरळ धरायला अक्कल लागत नाही, म्हणून जाणूनबुजून त्यांनी ती कधी धरली नव्हती. आज डोळे फक्त बेडकावर होते.

त्यांनी हात पाण्यात बुडवून ओले केले, पकडीनं गळ सोडवला, मासा दोन्ही हातांनी उचलून कडेच्या पाण्यात धरला. मरळ क्षणभर तशीच राहिली. मग शेपटीचा एक फटका देऊन गेली ती खोल पाण्यात नाही, सरळ केंदाळाच्या कडेला. चट चट आवाज बंद झाला. हळूहळू तिथं पुन्हा लाल रंग गोळा झाला, आधीपेक्षा लहान.

"बोली मोडलीसा," गणपतराव एवढंच म्हणाले, आणि रॉड बांधायला लागले.

घरी येऊन भाभी गादीवर बसल्या. एवढे दिवस टोचणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. मासा भुकेनंच येतो असं नाही, रागानंही येतो. पिल्लांवर कोण चालून आलंय म्हणून धावतो, तिथं चव नि वास कोण बघतं? हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, पण ज्याला सांगायचं तो माणूस आता येणार नव्हता. पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतरच्याही नाही. भाभींनी उगाच एका गोंड्याचे पदर सोडवून ठेवले. गिऱ्हाइकांना प्रश्न विचारले, पण उत्तर ऐकताना लक्ष दाराकडं.

गणपती तोंडावर आले तेव्हा एका सकाळी दारात एम-एटी थांबली. रॉड नव्हता, पेटीही नव्हती. गणपतराव येऊन पायरीवर बसले. भाभींनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तोंड मिटून घेतलं. आपल्या तोंडानं एकदा घात केलाय, पुन्हा नको.

"दोन रविवार नुसता जाऊन बसतोय," गणपतराव तांब्यातल्या पाण्याकडं बघत म्हणाले. "रॉड न नेता. पिल्लं वाढलीत. एक मासा जवळ असतोय, दुसरा जरा लांब फिरतोय. आपण धरली ती आई का बाप, कळंना झालंय. जल्मभर मरळी धरल्या, कवा डोस्क्यात आलं न्हाय."

भाभींनी सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

"तिथं लई गप्प गप्प वाटतंय, भाभी," गणपतराव म्हणाले. "विचारा की ओ."

"काय विचारू?"

"त्येच. त्या दिशी गाडीला किक मारल्यावर विचारलंसा ते."

भाभींनी सुई ठेवली. आत नसरीन स्कूटीची चावी शोधायला लागली होती.

"कुठं निघालाय, गणपतराव?"

"खणीवर," गणपतराव म्हणाले. "येतासा?"