केबल मीच काढायला लावली!

असे किस्से कोणी जमवायला जात नाही. घरातली केबल काढा, ते आपोआप जमा होतात! बचत गटाच्या बैठकीत मी एक सांगितला, तर बाया म्हणाल्या, "अजून सांग ना वो!" त्या हसून लोटपोट, आणि मी खाली मान घालून. कारण केबल मीच काढायला लावली होती.

बहिणीकडे पाहिलं होतं. टीव्हीच्या मागे बोटाएवढी काडी खोचायची, मोबाईलचं नेट जोडायचं, झालं! केबलपेक्षा स्वस्त, आणि पाहिजे ते पाहा. सातवी शिकलेल्या सुनेनं एवढं डोकं चालवलं म्हणून घरात वाहवा झाली. दोन दिवस.

त्यात आमचा समू. अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. "आई"सुद्धा नाही, नुसतं बोट दाखवायचा. केबल काढली त्याच महिन्यात अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "याच्या वयाची पोरं तर थांबत नाहीत, एवढी बडबडतात." झालं! माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, ते लगेच बोलले, "केबलवर मराठी माणसं बोलत होते. आता मुके कार्टून पाहून पोट्टा मुका होऊन राहिला!"

मी समूला उचलून आत गेले.

* * *

पहिल्याच सकाळचा धक्का. आमच्या ह्यांचं तिरोड्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. त्यांनी नऊला गाडीला किक मारली, इकडे टीव्हीवर गोल चकरी फिरायला लागली. मी काडी काढली, घातली. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, टीव्हीला दोन थापडा दिल्या. काही नाही! संध्याकाळी दारात गाडी वाजली आणि टीव्ही आपोआप सुरू! माझ्या हातातलं ताटच पडलं.

तीन दिवस हेच. शेवटी मामाजींनी शोध लावला. "अवो, नेट त्याच्या खिशात हाय ना!"

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "टीव्ही काऊन बंद हाय वो?"

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "ड्युटीवर गेला."

मग जुन्या मोबाईलमध्ये वेगळं सिम टाकलं आणि तो कायमचा घरी ठेवला.

* * *

रिमोटमध्ये बोललं की टीव्ही ऐकतो, हे आत्याबाईंना मीच शिकवलं. हीसुद्धा माझीच चूक! पौर्णिमेला सकाळी त्यांनी पांढरं लुगडं नेसलं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आणि रिमोट तोंडाशी धरून अदबीनं म्हणाल्या, "वंदना लाव ना, बाप्पा."

डोळे मिटले. हात जोडले. आणि टीव्हीवर एक बाई ओरडली, "हॅलो फ्रेंड्स, आज वंदनाचा नवरीचा मेकअप!"

मी रिमोट शोधत धावले. आत्याबाईंनी डोळे उघडले. जोडलेले हात तसेच.

"हे वंदना कोणाची पोरगी व्हय?"

मी म्हटलं, "बंद करते, आत्याबाई."

"कायले? लिपस्टिक तं लावू दे तिले!"

* * *

मॅचचा धक्का तर मामाजी अजून विसरले नाहीत. भिंतीपलीकडे देवाजीभाऊ, त्यांच्याकडे अजून केबल. आमच्या टीव्हीवर बॉलर पळतच येऊन राहिला होता, आणि पलीकडून देवाजीभाऊ ओरडले, "आऊट!" बॉल पडला, खरंच आऊट! पुन्हा तसंच. पुन्हा तसंच! मामाजींचा चेहरा पांढरा पडला.

"हा माणूस जादूटोणा शिकला का काय?"

ह्यांनी समजावलं, "बाबा, नेटवर मॅच थोडी उशिरा येते." मला वाटलं, आता केबल परत आणायला सांगतील. पण पुढच्या मॅचला मामाजी खाट भिंतीला लावून, कान टेकवून बसले. मग आत्याबाईंना म्हणाले, "पाय, आता सिक्स मारते." सिक्स! "आता चौका." चौका!

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुमाले कसं समजते जी?"

"चाळीस वर्षं पाहून राहिलो. उगाच काय!"

* * *

एकदा मामाजी दुपारभर एकच मालिका पाहत होते. अचानक चित्र थांबलं आणि पडद्यावर अक्षरं आली, 'तुम्ही अजूनही पाहत आहात का?'

मामाजी ताडकन उठले. मला हाक मारली. "सूनबाई, हे काऊन इचारते? घर आपलं, खाट आपली, हे कोण इचारनारं?"

मी सांगितलं, तो सगळ्यांनाच विचारतो. त्यांना काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी भर मे महिन्यात ते टीव्हीसमोर बसले, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या!

"मामाजी, गरम नाही होत?"

त्यांनी टीव्हीकडे डोळ्यानं खूण केली आणि हळूच म्हणाले, "बनियनवर बरं नाही दिसत. तो पाहून राहिला."

* * *

आणि हा मागच्या आठवड्यातला.

आम्ही पाहतो त्या फुकटातल्या ॲपवर घडीघडी जाहिराती येतात. जाहिरात आली की आत्याबाई ओरडतात, "स्किप कर! स्किप कर!" आणि समू रिमोटचं बटन दाबतो. घरातलं तेवढं काम त्याचं.

त्या दिवशी अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. खाटेवर बसल्या, रजिस्टर मांडीवर. "पोराशी बोलत जा. टीव्ही बंद ठेव. तुम्हा आयांना लेकरू गप्प बसलं की बरंच वाटते! उद्या शाळेत काय करशील? गोंदियाला मोठ्या डॉक्टरकडे न्यावं लागेल..."

त्या थांबेनात. माझे डोळे भरून आले. मामाजी खाली मान घालून बसलेले. समू माझ्या मांडीवरून उतरला. रिमोट उचलला. ताईंच्या तोंडावर धरला आणि बटन दाबलं. ताईंचं सुरूच. पुन्हा दाबलं. सुरूच!

मग तो त्यांच्या गुडघ्याशी जाऊन उभा राहिला, आणि घर दणाणेल असा ओरडला,

"स्किप!"

ताईंचं तोंड उघडं ते उघडंच. आत्याबाई किंचाळल्या, "बोलला! पोट्टा बोलला!" मी समूला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

ताईंनी रजिस्टर उघडलं. पेन हातात तसाच. "पहिला शब्द... काय लिहू?"

मामाजींनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"स्किप लिवा, ताई. मराठीच हाय."