मोठेबाबांनी मोडलेली तिसरी पिन

नाव आधीच घेऊन टाकतो, नाहीतर शेवटी तुम्ही माझ्यावरच याल. चूक मोठेबाबांची! माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, रिटायर लाइनमन, आणि वयाने मोठे म्हणून कायमचे बरोबर.

मी चिखलीला डिप्लोमा अर्धवट सोडला, तेव्हापासून घरात माझी किंमत उडालेल्या बल्बएवढी. तरी बाबा म्हणाले, "गावातल्या म्हाताऱ्यांच्या सत्काराले तुहा साऊंड लाव. नीट वाजला तं रोडवरचा गाळा तुले. नाही तं मोठेबाबाच्या जावयाले."

अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय मी स्वतः बनवला. जड ट्रान्सफॉर्मरचा नाही, हलका, स्विचिंगचा. पण त्याची एक खोड असते. आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, आणि त्याची गडबड सप्लायच्या दोन्ही वायरींवर एकदमच, एकाच दिशेने निघते. ती माइकच्या वायरीत शिरली की स्पीकर झींऽऽ! उपाय? दोन्ही वायरी एकाच रिंगवर गुंडाळायच्या, दोन्हींवरून एकेक छोटा कपॅसिटर सप्लायच्या पत्र्याच्या डब्याला जोडायचा, आणि डबा अर्थिंगला. उरलेली गडबड जमिनीत! घरी लावून पाहिला, तर स्वतःचा श्वास ऐकू यावा इतका शांत.

सत्काराच्या दिवशी मी स्पीकर बांधून खाली उतरतो, तर झींऽऽ! आणि मोठेबाबांच्या हातात पक्कड.

"काय केलं मोठेबाबा?"

"बोर्डाले दोनच भोकं हायेत. तिसरी पिन मोडून टाकली."

"अर्थिंगची होती ना ते! काऊन मोडली?"

"अबे, ते शोभेची असते. तीस वर्षं पोलवर चढलो मी. तू तं कॉलेजच्या पायऱ्याबी पुऱ्या नाही चढला!"

सांगा, जमिनीची वाटच तोडली, तर कपॅसिटरमधून झिरपणारा करंट जाईल कुठे? डब्यात, तिथून माइकमध्ये. थोडासाच, मुंग्या येण्यापुरता. मी तीन पिनांचा दुसरा प्लग आणि बोर्ड शोधेपर्यंत मोठेबाबा माइकपुढे उभे. "बंधू आणि..." एवढ्यात मिशा जाळीला लागल्या.

"आवो माय! करंट हाय याच्यात!"

इथे शहाणा माणूस स्विच बंद करतो. मी? मी संतापलो होतो ना! माइक हिसकावला आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडलो, "घाबरू नका! करंट आहे, पण कमी आहे!"

पहिली रांग उठली.

"मुंग्या येतात फक्त! माणूस मरत नाही!"

मागची रांग पळाली. एक आजोबा काठी तिथेच टाकून गेले.

"बसा ना बे! हे पाहा, मी धरलाय ना माइक! सोडतच नाही!" हात रागाने थरथरत होता.

मागून एक बाई किंचाळली, "पोट्टा चिपकला माइकले! सुटून नाही राह्यला!"

"वाळलं लाकूड आना!" मोठेबाबा गरजले. ती आजोबांची काठी उचलली आणि तीस वर्षांचा अनुभव माझ्या मनगटावर हाणला. माइक सुटला.

"वाचोलं पोराले!" सगळे ओरडले.

म्हाताऱ्यांचा सत्कार राहिला, मोठेबाबांचा झाला. पुतण्याचा जीव वाचवला म्हणून! नारळ माझ्या हातून देववला, डाव्या हातून.

मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होतं. गाळा जावयाला गेला.