हळदीचा रंग

माझ्या मुलीला ऐकू येत नाही. ते कोणामुळं, हे मी आमच्या गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेशी बसून सांगते. सासूमुळं. लपवायचं कशाला?

आमच्याकडं, कर्जतच्या बाजूला, बाळाला तेल-हळद लावून न्हाऊ घालतात. माझी मुलगी पाच दिवसांची असताना पिवळी दिसायला लागली. दूध ओढेना, नुसती झोपून. दवाखान्यात दाखवू या, असं मी भीतभीत म्हटलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "हळदीचा रंग हाय त्यो. सव्वा महिना लेकरू उंबऱ्याभाईर न्यायचं न्हाई." मी वीस वर्षांची, गप्प बसले. ती कावीळ होती. नेलं तोवर उशीर झाला. जीव वाचला, कान गेले.

पुढं आम्ही वेगळं राहायला लागलो आणि मी आशाताई झाले. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, अंग उजेडात बघायचं, आईला बाळ घेऊन दवाखान्यात तपासणीला यायला लावायचं, हे माझं काम. कोणी कां-कू केलं की मी सासूची गोष्ट काढायची. बायका मुकाट्यानं चपला घालायच्या. एकदा आत्याबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, घराची अब्रू वेशीला टांगतीस. टांगते, म्हटलं. माझ्या पोरीचं आयुष्य गेलं आणि तुम्ही अब्रू काय घेऊन बसलात! झोंबलं त्यांना. मला बरं वाटलं.

मागच्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिसऱ्या दिवशी मी बाळ बघायला गेले, तर आत्याबाईंनी दारातूनच वाटेला लावलं. पाचव्या दिवशी नणंदेचा फोन आला. रडतच बोलत होती. बाळ प्यायला उठत नाही, पिवळं दिसतंय, आणि आई म्हणते हळद आहे.

मी पळत निघाले. खोटं कशाला बोलू, वाटेत मनात येऊन गेलं, भोगू दे म्हातारीला. पण लेकराचं काय चुकलं होतं? गेल्या गेल्या खिडकी उघडली, बाळाला उजेडात घेतलं आणि ओलं फडकं आत्याबाईंच्या हातात दिलं.

"पुसा हळद," म्हटलं.

त्यांनी कपाळ पुसलं, छाती पुसली, मग पाय. फडकं पांढरंच राहिलं. पुन्हा एकदा कपाळ पुसून बघितलं. तशाच उठल्या आणि रिक्षा बोलवायला स्वतः रस्त्यावर गेल्या.

बाळ चार दिवस दवाखान्यात निळ्या दिव्याखाली होतं. घरी आलं ते ठणठणीत. टाळी वाजवली की दचकायचं.

आठवड्यानं आत्याबाई माझ्या दारात आल्या. आता तरी माझं नाव घ्यायचं सोड, म्हणाल्या. सोडते, म्हटलं. वरच्या आळीला नवी बाळंतीण आहे, तपासणीला यायला तयार नाही. तिथं तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी आल्या. बाळंतिणीसमोर खाली बसल्या, पदर तोंडाला लावला.

"माझ्या नातीला म्या भैरी केली," म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडं बघायला लागल्या.

मी मदत केली नाही. सगळं त्यांच्याच तोंडून बाहेर पडेपर्यंत शेजारी बसून राहिले.