पुसला होता की नाही

छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये सगळे तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा. इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, क्रँकशाफ्टवर, कनेक्टिंग रॉड बसवायचं काम तिचं. अलीकडे ते तिला जड जाऊ लागलं होतं. घरी सासऱ्यांना भ्रम झालेला. रात्ररात्र ते उठून दार शोधत आणि हाक मारत तिलाच.

त्या दुपारी शेवटच्या रॉडचा बोल्ट आवळून झाला आणि तिचा हात थबकला. बेअरिंग तपासताना आत मेणासारखा मऊ दोरा ठेवतात. रॉडची कॅप जुन्या बोल्टांनी आवळून उघडली की तो दोरा चपटा होतो, आणि त्याच्या रुंदीवरून बेअरिंगमधली फट कळते. मग दोरा पुसायचा, तेल लावायचं आणि नव्या बोल्टांनी रॉड कायमचा बसवायचा. माप घेतलेलं तिला आठवत होतं. मधल्या रॉडमधला दोरा पुसलेला मात्र काही केल्या आठवेना.

तिने रॉड हलवून पाहिला. छान झुलत होता. तरी जिवाला चैन पडेना.

"साहेब, मधला रॉड उघडते," ती म्हणाली.

"का? चुकलंय काही?"

"माहीत नाही. तेच तर."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, आवळलेले बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत. नवे मागवावे लागतील. या इंजिनाचा वैमानिक सकाळपासून माझं डोकं खातोय."

"खाऊ द्या," ती म्हणाली आणि पाना उचलला.

कॅप निघाली. बेअरिंग लख्ख, वर तेलाचा पातळ थर. दोऱ्याचा मागमूसही नव्हता. सगळं तिने नीटच केलं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण ती पाना खाली ठेवून स्टुलावर बसली.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

"नाही. आज नीट निघालं. उद्याचं मी सांगू शकत नाही. मला थोडे दिवस भाग धुवायला बसवा."

साहेबांनी तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली. "बरं," ते म्हणाले. हातातलं काम सोडून दिल्याचं तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "आजपासून बाबांजवळ तुम्ही झोपा."

"अगं, मला सकाळी बस चालवायची असते. डुलकी लागली तर?"

"मी जोडलेल्या इंजिनावरही माणसंच उडतात."

तो पुटपुटत राहिला. पाठ धरलीय म्हणाला, बाबा माझं ऐकत नाहीत म्हणाला. तिने वाद घातला नाही. तेवढं त्राणच नव्हतं. शेवटी त्याने उशी काखेत मारली आणि बाबांच्या खोलीत गेला. जेवणाची खरकटी ताटं तशीच ठेवून ती आडवी झाली.