तसबिरीची काच

निमगाव सावाच्या मळ्यातल्या त्या आजोबांना मी कधी नाव विचारलंच नाही. तेव्हा पुण्यात शिकत होतो. फवारणीच्या औषधाने नासलेलं पाणी साफ करायचा माझा प्रयोग त्यांच्या विहिरीजवळच्या ओट्यावर मांडला होता. उथळ ट्रेमध्ये ते पाणी आणि त्यात लेप दिलेले सच्छिद्र खडे. ऊन पडलं की खडे औषध मोडून टाकतात, असं मी ऐटीत सांगायचो. आजोबा धोतराला हात पुसून ट्रेवर वाकायचे आणि नुसतं "हां हां" म्हणायचे.

चार दिवस औषध तसूभर कमी झालं नाही. मी खड्यांना दोष दिला, मग लेपाला. रोज सकाळी ट्रे मांडून मी जायचो तो संध्याकाळीच यायचो. पाचव्या दिवशी जेवण लवकर उरकून भर दुपारीच आलो, तर ट्रेवर गोणपाट आणि शेजारी राखणीला आजोबा.

"पाणी कुनी उघडं ठिवतं का, राव?" उलट तेच मला रागावले.

झाकल्यावर ऊन कसं लागणार, हे मी परत समजावलं.

दुसऱ्या दिवशी गोणपाट नव्हतं. ट्रेवर लख्ख काच होती, कोपऱ्यात कुंकवाचा डाग. घरातल्या खंडोबाच्या तसबिरीची काढून आणली होती. मी ओशाळलो.

"देव ऱ्हाईल चार दिस उघडा," आजोबा म्हणाले. "पाणी नगं."